खुणांनीं बोलणारा गांव

व्यंग माणसाच्या शरीरांत असतें, कीं त्याच्या भोंवतालच्या समाजांत, असा प्रश्न केल्यास बहुतेकजण पहिल्या पक्षास कौल देतील. परंतु अमेरिकेंतील एका लहानशा बेटाचा इतिहास हा कौल पुन्हां तपासून पाहावयास लावतो.

मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्यालगत मार्थाज् व्हिनयर्ड नांवाचें बेट आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जोनाथन लँबर्ट हा बहिरा गृहस्थ तेथें स्थायिक झाला. त्याच्या सात अपत्यांपैकीं दोन बहिरीं होतीं. इंग्लंडमधील केंट परगण्यांतून आलेल्या कांहीं घराण्यांत आनुवंशिक बहिरेपणा सुप्त रूपानें वावरत होता. बेटावरील कुटुंबें आपसांतच सोयरीक करीत. त्यामुळें ऐकूं येणाऱ्या आईबापांच्या पोटींही बहिरीं मुलें जन्मास येत. एकोणिसाव्या शतकांत साऱ्या अमेरिकेंत सुमारें ५,७०० माणसांत एक बहिरा असे. या बेटावर तेंच प्रमाण १५५ मध्यें एक, आणि चिल्मार्क गांवीं तर २५ मध्यें एक होतें.

गांवानें यावर जो उपाय योजिला, तो अगदीं साधा होता. सर्वजण खुणांची भाषा शिकले. ऐकूं येणारीं मुलेंही ती घरींदारीं सहज उचलीत. समुद्रावर जेथें हांक पोंचत नसे, तेथें मच्छिमार एका होडींतून दुसरींतल्यांशीं हातांनींच बोलत. दुकानांत, प्रार्थनामंदिरांत, गांवसभेंत हीच भाषा चाले. बहिरे लोक मासेमारी व शेती करीत, मत देत, गांवचे अधिकारही सांभाळीत. त्यांच्यापैकीं बहुतेकांचे विवाह होत, आणि तेही बहुधा ऐकूं येणाऱ्यांशीं. हार्टफर्ड येथें १८१७ सालीं निघालेल्या शाळेंत या बेटावरचीं बहिरीं मुलें पुढें शिकूं लागलीं.

बाहेरच्या जगांत मात्र वारे उलट वाहत होते. १८८० सालीं मिलान येथें भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेनें बहिऱ्यांच्या शाळांतून खुणांची भाषा काढून टाकण्याचा ठराव केला. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं याच दशकांत या बेटावरील घराण्यांच्या वंशावळी तपासल्या. बहिऱ्यांनीं परस्परांत विवाह करूं नयेत, असा त्यांचा आग्रह होता. विद्वान मंडळी बहिऱ्यांस बोलावयास लावण्याच्या खटपटींत असतां चिल्मार्कचे मच्छिमार त्यांच्याशीं गप्पागोष्टी करीत होते!

पुढें दळणवळण वाढलें, बाहेरच्या सोयरिकी होऊं लागल्या, आणि आनुवंशिक बहिरेपणा ओसरला. त्या परंपरेंतील शेवटची बहिरी व्यक्ति १९५२ सालीं वारली. १९७० नंतरच्या वर्षांत संशोधिका नोरा ग्रोस यांनीं बेटावरील वृद्धांना जुन्या आठवणी विचारल्या, तेव्हां दोघा इसमांविषयीं प्रथम उत्तर आलें तें ते उत्तम मच्छिमार होते असें. ते बहिरे होते, हें खोदून विचारल्यावरच आठवलें.

पुढें १९९० सालीं याच राज्यांतील बोस्टन शहरीं अपंगांनीं स्वाभिमानाचा दिवस साजरा केला. आपलें व्यंग लपवावयाचें नाहीं, हें त्यांना जाहीरपणें सांगावें लागलें. चिल्मार्कमध्यें तें सांगावें लागत नसे. तेथें शिकण्याचें ओझें एकट्या बहिऱ्याच्या शिरावर नव्हतें. शेजाऱ्यांनीं आपला वांटा आधींच उचलला होता.