आधी दाखवलेलं, शेवटी वाचलेलं मृत्युपत्र

२१ सप्टेंबर १५९९. दुपारचे दोन वाजून गेलेत. होडीने थेम्स ओलांडून तुम्ही दक्षिण काठावर उतरता आणि एक पेनी देऊन ग्लोब नाट्यगृहाच्या पिटात शिरता. इथे बसायला काही नाही, नाटक उभ्यानेच पाहायचं. सज्जांवर गवताने शाकारलेलं छप्पर आहे, तुमच्या डोक्यावर मात्र उघडं आभाळ. खेळ दिव्यांविना, दिवसाउजेडीच चालतो, त्यामुळे नट जसा तुम्हाला दिसतो, तसे तुम्हीही त्याला स्वच्छ दिसता. गर्दीत बाझलचा टॉमस प्लॅटर आहे. हा खेळ पाहिल्याची नोंद तो आपल्या प्रवासवर्णनात करणार आहे.

शेक्सपिअरचं ‘ज्युलियस सीझर’ तिसऱ्या अंकात आलंय. सीझरचा खून झालाय आणि खुनी मंडळींपैकी ब्रूटस व्यासपीठावर चढलाय. तो गद्यात बोलतो. वाक्यं तोलूनमापून केलेली, हिशेब मांडावा तशी. सीझरवर माझं प्रेम होतं, पण रोमवर जास्त होतं, एवढंच त्याचं म्हणणं. रोमचे नागरिक झालेले नट जेमतेम चार-पाच आहेत; बाकीचं रोम म्हणजे तुम्ही, पिटातले लोक. ब्रूटसचं तुम्हाला पटतं. तेवढ्यात एक नागरिक ओरडतो की, ह्यालाच सीझर करा! एकाच्या हाती सगळी सत्ता जाऊ नये म्हणून ज्याने खून केला, त्यालाच हे लोक ती सत्ता द्यायला निघालेत. म्हणजे त्याचा मुद्दा कुणाला कळलेलाच नाही. ब्रूटसच्या ते लक्षात येत नाही. आता सीझरचा मित्र अँटनी बोलेल, त्याचं ऐकून घ्या, असं लोकांना सांगून तो निघून जातो.

अँटनी पद्यात सुरुवात करतो. खुनी मंडळींना दोष द्यायचा नाही, या अटीवर त्याला बोलू दिलंय आणि ती अट तो अक्षरशः पाळतो. ब्रूटस सन्माननीय आहे, असं तो म्हणतो. मग सीझरने खंडणीच्या पैशाने रोमची तिजोरी भरल्याचं सांगतो, आणि पुन्हा म्हणतो, ब्रूटस सन्माननीय आहे. गरिबांसाठी सीझर रडला, तीनदा देऊ केलेला मुकुट त्याने नाकारला. आणि ब्रूटस तर सन्माननीय आहेच. पहिल्यांदा तुम्ही मान डोलावली होती. चौथ्यांदा तो शब्द कानाला टोचतो. अँटनीचा आवाज बदललेला नाही, बदललाय तो तुमचा कान.

मग त्याचा कंठ दाटतो आणि तो थांबतो. त्या शांततेत नागरिक आपसात बोलू लागतात; रडून त्याचे डोळे लाल झालेत, असं एक जण म्हणतो. तुम्ही टाचा उंचावून त्याचे डोळे बघता.

आता तो सीझरची मोहोर असलेला कागद वर धरतो. हे मृत्युपत्र, पण मी ते वाचणार नाही. ऐकलंत तर तुम्ही पेटून उठाल. वाचा, वाचा, असा एकच गलका होतो. त्या सन्माननीय माणसांवर अन्याय होईल, असं तो म्हणतो आणि एक नागरिक तोच शब्द थुंकल्यासारखा परत फेकतो: सन्माननीय कसले, विश्वासघातकी! ‘विश्वासघातकी’ हा शब्द अँटनीने अजून उच्चारलेलाच नाही. तो त्याने लोकांच्या तोंडून काढून घेतलाय.

आणि तरीही तो वाचत नाही. खाली उतरतो, लोकांना प्रेताभोवती कडं करायला लावतो आणि सीझरचा झगा हातात घेतो. हे भोक कॅशियसच्या खंजिराचं, हे कास्काचं, हे लाडक्या ब्रूटसचं. बघा, तुमच्याही डोळ्यांत पाणी आलंय. पण थोड्याच वेळापूर्वी तुम्ही याच जागी उभं राहून पाहिलंत की, वार होण्याआधी कटातल्या ट्रेबोनियसने अँटनीला बाजूला नेलं होतं. कोणता वार कुणाचा, हे त्याला ठाऊक असणं शक्यच नाही. तुम्हाला ते आठवत नाही, कारण त्याने झगा ओढून प्रेत उघडं केलंय.

लोक जाळपोळीला धावतात. अँटनीच त्यांना परत बोलावतो: अहो, मृत्युपत्र विसरलात! ज्याच्यासाठी एवढा आरडाओरडा केला, ते कुणाच्या ध्यानातही नाही. दर माणशी ७५ ड्राक्मा आणि टायबरकाठच्या बागा, एवढं ऐकून जमाव उधळतो. पुढच्याच प्रवेशात त्याला सिन्ना भेटतो. मी कटातला सिन्ना नव्हे, कवी सिन्ना, असं तो परोपरीने सांगतो. मग कविता वाईट म्हणून ह्याला फाडा, असं म्हणून लोक त्याच्यावर तुटून पडतात.

त्यानंतरच्या प्रवेशात अँटनी सत्तेत बसलाय. ठार करायच्या माणसांच्या नावांवर तो खुणा करतो आणि मग तेच मृत्युपत्र मागवतो. त्यातल्या देणग्यांना कात्री कशी लावायची, हे त्याला ठरवायचंय.

परतीच्या होडीत तुमचा घसा बसलेला असेल. ‘वाचा, वाचा’ ओरडणाऱ्यांत तुम्हीही होता. म्हणून एवढंच ध्यानात ठेवा: एखादा वक्ता ‘हे मी सांगणार नाही’ म्हणाला आणि तुमच्या ओठांवर ‘सांगा’ आलं, की तेवढा एक क्षण गप्प राहा.