सूक्ष्ममिश्र पोलादातील स्थूल अवक्षेप आणि अधातू समावेश

उच्च सामर्थ्याच्या सूक्ष्ममिश्र पोलादात राहून गेलेल्या कार्बाइड-नायट्राइडांच्या मोठ्या कणांना स्थूल अवक्षेप, तर ऑक्साइड व सल्फाइडांच्या कणांना अधातू समावेश किंवा इन्क्लूजन म्हणतात. त्यांच्यामुळे पोलादाचा चिवटपणा घटतो आणि तडा अनेकदा त्यांच्यापासूनच सुरू होतो.

स्वरूप

या पोलादात नायोबियम, व्हॅनेडियम व टायटॅनियम मिळून साधारणतः ०.१५ टक्क्यांपेक्षा कमी असतात. त्यांचे काही नॅनोमीटर आकाराचे अवक्षेप स्फटिककणांची वाढ रोखतात व सामर्थ्य वाढवतात. तेच अवक्षेप मायक्रोमीटरभर मोठे झाल्यास सामर्थ्यात फारशी भर पडत नाही. उलट ठिसूळ भंगाचा धोका वाढतो.

निर्मिती

टायटॅनियम किंवा नायट्रोजन अधिक असल्यास पोलाद घट्ट होण्यापूर्वी वा होत असतानाच टायटॅनियम नायट्राइड तयार होते. त्याचे चौकोनी, पिवळसर-नारिंगी कण पुनर्तापनात विरघळत नाहीत. नायोबियमचे अवक्षेप मात्र सुमारे ११५०–१२५०° से. तापमानाला बव्हंशी विरघळतात व लाटताना पुन्हा बारीक रूपात बाहेर पडतात. ॲल्युमिनियमने ऑक्सिजन काढताना ॲल्युमिना उरते. मँगनीज सल्फाइड लाटण्याच्या दिशेने लांबट होते. त्यामुळे आडव्या दिशेतील चिवटपणा कमी होतो, तर वायुवाहिन्यांत हायड्रोजनमुळे तडे जाऊ शकतात.

नियंत्रण

टायटॅनियम-नायट्रोजनचे वजनी गुणोत्तर ३.४२ च्या खाली ठेवतात. गंधक कमी करून कॅल्शियम मिसळल्यास ॲल्युमिनाचे द्रवरूप संयुग बनते व सल्फाइडे गोलसर राहतात. एएसटीएम ई ४५ या मानकात समावेशांचे सल्फाइड, ॲल्युमिना, सिलिकेट व गोलाकार ऑक्साइड असे चार प्रकार केले आहेत.

महाराष्ट्रातील संदर्भ

रायगड जिल्ह्यातील डोलवी (ता. पेण) येथील जेएसडब्ल्यू स्टीलच्या, पूर्वीच्या इस्पात इंडस्ट्रीजच्या, कारखान्यात पातळ स्लॅब ओतण्याची पद्धत वापरली जाते. या पद्धतीत सुमारे ५०–७० मिमी जाडीचा स्लॅब लवकर घट्ट होत असल्याने नायट्राइडे तुलनेने बारीक राहतात. मात्र स्लॅब थंड न होता थेट लाटणीकडे जातो व एकूण जाडीघट कमी असते. त्यामुळे मूळ ओतीव रचना मोडण्यास वाव कमी मिळतो.

याच जिल्ह्यात खारघरलगत कळंबोली येथे पोलादाचा मोठा बाजार आहे. असे कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून खरेदीदाराला आघात चाचणीचा आधार घ्यावा लागतो. आयएस २०६२ मानकातील ‘सी’ उपदर्जासाठी ही चाचणी उणे २०° से. तापमानाला घेतात.