परत आलेला प्रबंध

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीतल्या एखाद्या घरात चूल पेटत नाही. पोरगं कोपऱ्यात बसून राहतं. "मला नाही जमणार, मी कामाला लागतो," म्हणतं. आईबापही कंटाळून "बरं, लाग," म्हणतात. अशा घरांत ही हकीकत जरूर वाचली जावी.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९१६ साली लंडनमध्ये अर्थशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी नाव घातले. वर्षभरातच बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. ज्या बोटीतून त्यांचे सामान येत होते, ती पाणतीराने बुडाली. जमवलेली पुस्तके आणि कागदपत्रे समुद्रात गेली.

पुढे मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठवला. शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले. १९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले, १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले आणि त्याच वर्षी डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला.

तो प्रबंध परत आला! इंग्रज सरकारच्या चलन धोरणावर त्यात कडक टीका होती. केन्ससारख्या नामांकित पंडिताने ज्या पद्धतीची बाजू घेतली होती, तिच्यातले दोष त्यात दाखवले होते. परीक्षकांना हे रुचले नाही. पुन्हा लिहा, असे सांगण्यात आले. इकडे पैसा संपत आलेला. एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबईला आले.

आता बघा, त्या वेळी त्यांच्यापुढे किती अडचणी होत्या. कुटुंब परळच्या बी.आय.टी. चाळीत राहत होते. वकिली अजून सुरू व्हायची होती, सनदेसाठीही मित्राकडे हात पसरावा लागला. प्रबंध सोडून दिला असता तरी कोणी नाव ठेवले नसते, बॅरिस्टरी आणि अमेरिकेची विद्या हाताशी होतीच. पण त्यांनी पुन्हा लेखणी धरली. मांडणी बदलली, निष्कर्ष मात्र सोडले नाहीत. काही महिन्यांत प्रबंध लंडनला पाठवला आणि १९२३ सालीच तो मान्य झाला. त्याच वर्षी तो पुस्तकरूपाने निघाला. प्रस्तावना त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांनी लिहिली, आणि काही मते आपल्याला पटत नाहीत हे त्यांनी तिथेच मोकळेपणी सांगितले.

यातून आपण काय घ्यायचे? "बाबासाहेब महान होते, आपल्याला कुठलं जमतंय," असे म्हणून फोटोला हार घालणे सोपे आहे. पण परत आलेला कागद त्यांच्याही हातात पडला होता. त्यांनी आधी पाहिले, की चूक कुठे सुधारायची आणि कुठे ठाम राहायचे. नापास झालेल्या पोराने तेवढेच करावे. कुठला विषय गेला, कुठला धडा कळला नाही, ते काढून तेवढेच पुन्हा धरावे. आणि आईबापांनी, बाबांनो, त्या दिवशी घरची चूल बंद ठेवू नये. भथेनांसारखा पाठीशी उभा राहणारा एक माणूस घरातच असावा.

जयभीम!