काळ्या फत्तरातले स्फटिक आणि त्यांच्या चिठ्ठ्या

सुट्टीच्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन रानात स्फटिक खणायला जाणे हा युरोप-अमेरिकेतला जुना छंद. त्या छंदिष्टांच्या जगात पुणे, नाशिक, जळगाव ही नावे आदराने उच्चारली जातात. महाराष्ट्रात त्याचे कारण फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्याकडे स्फटिक छंदापायी क्वचितच खणले गेले. ते निघाले रेल्वेच्या बोगद्यांतून, शेतातल्या विहिरींतून आणि खडीच्या खाणींतून. खणणाऱ्याला हवा होता रस्ता, पाणी किंवा दगड. स्फटिक मध्ये आडवे आले.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूंचे बुडबुडे पोकळ्या होऊन राहिले. पुढे खडकातून झिरपणाऱ्या ऊन पाण्याने सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम विरघळवून या पोकळ्यांत आणले आणि तेथे झिओलाइट वर्गातली खनिजे वाढली : गव्हाच्या पेंढीसारखा बांधेसूद स्टिल्बाइट, सुयांच्या जुडग्यासारखा स्कोलेसाइट. त्यांच्या शेजारीच ॲपोफिलाइट सापडतो. रूपाने सोबती असला तरी शास्त्राच्या हिशेबाने तो झिओलाइट नव्हे. या वर्गाचे नामकरण 1756 मध्ये स्वीडनच्या ॲक्सेल क्रोनस्टेट यांनी केले. तापवताच खड्यातले पाणी उकळून तो फसफसतो, म्हणून ग्रीक शब्दांवरून ‘उकळणारा दगड’.

दख्खनचा काळा फत्तर मोठ्या प्रमाणावर उघडा पडला तो बोर घाटात. 1856 ते 1863 या काळात तेथे लोहमार्ग खोदला गेला. पंचवीस बोगदे, आणि ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर. कॉलऱ्याने आणि सुरुंगांनी त्यांतले किती गेले याचा नीट हिशेब नाही. घाटातले ॲपोफिलाइट आणि झिओलाइट मात्र समुद्रापार लंडनच्या संग्रहांत जाऊन बसले. खनिजाच्या चिठ्ठीची रीत अशी की तीवर गाव येते, देणाऱ्याचे किंवा विकणाऱ्याचे नाव येते. पहार चालवणाऱ्याचे येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणाऱ्या आणि विहिरी खणणाऱ्या वडार समाजाला हे खडे इतर कोणाहीआधी दिसले असणार. खनिजशास्त्राच्या इतिहासात त्यांना अर्धी ओळही मिळालेली नाही.

कॅव्हन्साइटची कथा याहून अलीकडची. गर्द निळ्या रंगाचे हे खनिज 1967 मध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात मिळाले आणि 1973 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन शब्दांच्या आद्याक्षरांतून त्याचे नाव घडले आहे. ओरेगॉनचे नमुने चिमुकले होते. 1980 च्या दशकाच्या अखेरीस पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतून त्याचे टपोरे निळे गोळे, पांढऱ्या स्टिल्बाइटवर खोवल्यासारखे, बाहेर येऊ लागले आणि जगभरचे संग्राहक वाघोलीचे नाव शिकले. खाण होती ती खडीची. सुरुंगानंतर जी पोकळी कामगाराच्या नजरेतून निसटली, तिच्यातले स्फटिक क्रशरमध्ये जाऊन कुठल्यातरी रस्त्याखाली दबले. (पुण्याच्या रस्त्यांविषयी एवढे तरी बरे बोलता येते.)

तरीही क्रशरपेक्षा अपुरी चिठ्ठी अधिक नुकसान करते, असे माझे मत आहे. कोणते खनिज आधी बसले आणि कोणते त्यावर नंतर वाढले, नमुना कोणत्या लाव्हाथरात, किती खोलीवर होता, यावरून त्या काळच्या पाण्याचे तापमान आणि घटक यांचा अंदाज बांधता येतो. व्यापाऱ्याला मालाची जागा गुप्त ठेवायची असते, म्हणून चिठ्ठीवर नुसते ‘पुणे’ किंवा ‘नाशिक’ उरते. मग नमुना देखणा राहतो, पण बोलत नाही. विहीर बांधून काढली, खाणीत पाणी भरले, की ती जागा पुन्हा तपासता येत नाही.

इमारती दगड कायद्याने गौण खनिज ठरतो आणि खाण पट्टेदाराच्या ताब्यात असते. तेव्हा हौशी माणसाला परवानगीवाचून आत शिरता येत नाही, आणि सुरुंगाच्या जागी शिरूही नये. डिसेंबर 2022 मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. चालू खाणीतल्या चार दिवसांच्या पोकळीला असा कायदा कितपत पुरेल, शंकाच आहे.

येथल्या मातीतले उत्तम नमुने येथेच पाहायचे असतील, तर सिन्नरला 2001 मध्ये के. सी. पांडे यांनी उभारलेले खनिज संग्रहालय आहे. त्याचे नाव ‘गारगोटी’. आणि विहिरीच्या मातीत कधी चमकता खडा हाती आलाच, तर धुण्याआधी त्याचे छायाचित्र घ्यावे आणि गाव, गट क्रमांक, खोली व तारीख एका कागदावर लिहून तो कागद खड्याबरोबरच ठेवावा. विहीर खणणाऱ्याचे नावही त्यावर मावेल.