हिशेबाच्या पेढीचा उंबरठा

हिशेबतपासनिसाच्या धंद्याला आज मोठी प्रतिष्ठा आहे. परंतु त्याचा आरंभ झाला तो दिवाळखोरीच्या छायेत. विल्यम वेल्च डेलॉइट या तरुणाने १८४५ साली लंडनच्या बेसिंगहॉल स्ट्रीटवर आपली कचेरी उघडली, ती दिवाळखोरीच्या न्यायालयासमोर. बुडालेल्या व्यापाऱ्यांच्या वह्या चाळाव्या, येणे-देणे ठरवावे, आणि शिल्लक उरेल ती धनकोंत वाटून द्यावी, यावर या मंडळींचा चरितार्थ चाले. पुढे आगगाडीच्या कंपन्यांत भागधारकांचा अफाट पैसा गुंतला. आपला पैसा संचालक कसा वापरतात हे कोणीतरी तटस्थपणे तपासावे, अशी भागधारकांना निकड वाटू लागली. १८४९ साली डेलॉइट यांच्याकडे ग्रेट वेस्टर्न रेल्वेची तपासणी आली. त्याच वर्षी सॅम्युएल लोवेल प्राइस यांनी लंडनमध्ये स्वतंत्र व्यवसाय मांडला, आणि १८६५ साली एडविन वॉटरहाउस त्यांचे भागीदार झाले. आज जगभर ज्या नावांच्या पाट्या झळकतात, त्यांचे मूळ हे असे.

एडिंबरोच्या हिशेबनिसांना १८५४ साली राजसनद मिळाली, आणि इंग्लंड व वेल्समधील संस्थेला १८८० साली. सनद आली आणि धंद्याला दरवाजा बसला. आत यावयाचे तर एखाद्या सनदी हिशेबनिसाच्या हाताखाली पाच वर्षे करारबद्ध राहावयाचे. पदवीधरास तीन वर्षे पुरत. मराठीत ‘उमेदवार’ हा एकच शब्द नोकरी मागणाऱ्यालाही लागतो आणि फुकट राबून धंदा शिकणाऱ्यालाही. लंडनच्या आर्टिकल्ड क्लार्कला नुसते फुकट राबूनही भागत नसे. त्याला ठेवून घेण्याबद्दल त्याच्या वडिलांनी पेढीच्या मालकाला ‘प्रीमियम’ मोजावा लागे, आणि नावाजलेल्या पेढीत ही रक्कम काहीशे गिनींच्या घरात जाई. सुवाच्य अक्षर हवे, लांबलचक रकान्याची बेरीज न अडखळता करता यावी, संस्थेची प्राथमिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी, हे सारे खरे. पण मुलाची मुख्य तयारी वडिलांच्या तिजोरीत झालेली असे. मुलाखत कशाची, तो बहुधा दोन सद्गृहस्थांमधला सौदाच म्हणावयाचा.

जिला पैशाची अडचण नव्हती आणि कामाचीही ओळख होती, अशा व्यक्तीलाही हा दरवाजा बंद राहू शके. मेरी हॅरिस स्मिथ या बाई लंडनमध्ये स्वतःच्या नावाने हिशेबाचा व्यवसाय करीत होत्या. १८९१ साली त्यांनी सनदी संस्थेकडे प्रवेश मागितला. स्त्री म्हणून तो नाकारण्यात आला. १९१९ च्या कायद्याने स्त्रियांवरील व्यावसायिक निर्बंध उठले, तेव्हा १९२० साली संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. त्या वेळी त्यांचे वय पंचाहत्तर होते.

ही सारी रीत समुद्र ओलांडून हिंदुस्थानात आली. १९१३ च्या कंपनी कायद्याने हिशेबतपासनिसाला सरकारी प्रमाणपत्र आवश्यक ठरविले. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले, आणि वाणिज्य हा विषयही पदवीला योग्य आहे हे मान्य झाले. १९१८ साली मुंबई सरकारने हिशेबशास्त्राची पदविका सुरू केली, तीच पुढे ‘जी. डी. ए.’ या आद्याक्षरांनी ओळखली गेली. तिच्यासाठी परीक्षा तर होतीच, शिवाय मान्यताप्राप्त हिशेबनिसाकडे तीन वर्षांची उमेदवारीही होती. या दुसऱ्या अटीतच या इतिहासाची सारी गोम आहे. परीक्षेचा अभ्यास चाळीतल्या खोलीत, कंदिलाच्या उजेडात, मागून आणलेल्या पुस्तकांवर एकट्याने करता येतो. उमेदवारी मात्र एकट्याने करता येत नाही. तिच्यासाठी कोणीतरी आपल्या कचेरीत एक खुर्ची द्यावी लागते. आणि ती कोणाला द्यावयाची, हे ठरविण्यास त्या काळी कोणताही नियम नव्हता. ओळख, वशिला, जात, भाषा, वडिलांचे नाव यांना तेथे पूर्ण मोकळीक होती. स्वदेशीच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेल्या मद्रासच्या आर. शिवभोगम १९३३ साली ही पदविका मिळवून भारतातील पहिल्या महिला हिशेबतपासनीस झाल्या. त्यांच्या कर्तृत्वाबरोबरच, त्यांना उमेदवार म्हणून घेणाऱ्या कचेरीचीही आठवण ठेवणे न्यायाचे होईल.

या अटीचे सर्वांत कठोर रूप अमेरिकेत दिसले. तेथे न्यूयॉर्क राज्याने १८९६ साली प्रमाणित हिशेबनिसाचा कायदा केला आणि इतर राज्यांनी तो कित्ता गिरविला. पुष्कळ राज्यांत परवान्यासाठी आधीच परवाना असलेल्या हिशेबनिसाकडे अनुभव घेणे सक्तीचे होते. वॉशिंग्टन शहरातील जॉन क्रॉमवेल हा कृष्णवर्णीय तरुण १९०६ साली डार्टमथ कॉलेजातून मानाने पदवीधर झाला. गणितात त्याची बुद्धी तीव्र होती. परंतु परवानाधारक सारे गोरे, आणि त्यांच्या पेढ्यांत कृष्णवर्णीयाला जागा नाही. अनुभवाशिवाय परवाना नाही आणि गोऱ्या माणसाच्या मर्जीशिवाय अनुभव नाही, असा हा पेच होता. क्रॉमवेल यांनी शिक्षकाची नोकरी धरली. अखेर पंधरा वर्षांनी, १९२१ साली, ज्या न्यू हॅम्पशायर राज्यात त्यांचे कॉलेज होते तेथेच ते परीक्षेस बसले, कारण तेथील कायद्यात अनुभवाची अट नव्हती. अमेरिकेतील पहिला कृष्णवर्णीय प्रमाणित हिशेबनीस तो हाच. पेढ्यांकडे उत्तर ठरलेले असे: आमचा काही आक्षेप नाही, पण आमच्या अशिलांना चालणार नाही. ही सबब आपल्याकडेही अनेक कचेऱ्यांच्या भिंतींनी ऐकली असेल. शिकागोत मेरी वॉशिंग्टन या बाईंनी १९४३ साली परवाना मिळविला आणि पुढे आपल्या पेढीत इतरांना खुर्च्या दिल्या. देशाच्या कानाकोपऱ्यांतून कृष्णवर्णीय तरुण केवळ अनुभवासाठी तेथे येत. तेथील व्यावसायिक संस्थेने हा भेद मोडण्याचा ठराव केला तो १९६९ साली. त्या सुमारास देशातील एक लाखाच्या आसपास प्रमाणित हिशेबनिसांत कृष्णवर्णीयांची संख्या दीडशेदेखील नव्हती.

दरम्यान त्याच शिकागोत पेढीत शिरण्याची एक नवी रीत रुजत होती. आर्थर अँडरसन हे प्राइस-वॉटरहाउस परंपरेत काम केलेले गृहस्थ. त्यांनी १९१३ साली स्वतःची पेढी काढली. ते विद्यापीठात शिकवीतही असत. महाविद्यालयांतून ताजे पदवीधर निवडावयाचे आणि त्यांना आपल्या पद्धतीने घडवावयाचे, हा त्यांचा परिपाठ. वडिलांच्या गिनींचे महत्त्व यात कमी झाले, हे निःसंशय. परंतु निवड करावयाची म्हणजे बोलून पाहावयाचे; आणि बोलताना अंगावरचा कोट, उच्चार, बसण्याची ढब हे सारे बोलू लागते. एकाच साच्यातली माणसे निवडल्याची थट्टा अँडरसन यांच्या पेढीला पुढे सोसावी लागली. एन्रॉन प्रकरणात २००२ साली ही पेढी संपली आणि मोठ्या पेढ्या पाचांच्या चार झाल्या.

गेल्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत औद्योगिक मानसशास्त्रज्ञांनी मुलाखतीला शिस्त लावण्याचा प्रयत्न केला. “तुम्ही कष्टाळू आहात काय?” या प्रश्नाला ‘नाही’ कोण म्हणेल? म्हणून घडलेला प्रसंगच विचारावयाचा: सहकाऱ्याने काम अर्धवट टाकले तेव्हा तुम्ही काय केले? वरिष्ठाची चूक दिसली तेव्हा काय केले? उमेदवारही तयार झाले. प्रसंग, जबाबदारी, कृती आणि परिणाम या चार पायऱ्यांनी उत्तर बांधावे, हे आज कोणताही मार्गदर्शक सांगतो. यात एक सूक्ष्म अन्याय शिल्लक आहे. ज्याने कॉलेजात संमेलने गाजविली, सुटीत काकांच्या कचेरीत काम केले, त्याच्यापाशी असे प्रसंग भरपूर असतात. पहाटे वर्तमानपत्रे टाकून दिवसा शिकणाऱ्या मुलापाशी ते कमी नसतात. परंतु तेही ‘प्रसंग’च आहेत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. दुकानाची रोजची गल्लापेटी न चुकता जुळविणे हा हिशेबतपासणीच्या पेढीत सांगण्याजोगा उत्तम अनुभव आहे. तो लाजेने लपविला जातो, ही खेदाची गोष्ट.

इंग्लंडात पेढ्यांना हे उमगू लागले आहे. अर्न्स्ट अँड यंगने २०१५ साली शालेय गुणांची आणि पदवीच्या श्रेणीची अट काढून टाकली. त्याच वर्षी डेलॉइटने मुलाखत घेणाऱ्यास उमेदवाराच्या विद्यापीठाचे नाव न कळविण्याचे ठरविले. केपीएमजीने २०२१ साली तर भागीदारांपैकी २९ टक्के श्रमिक घरांतून आलेले असावेत, असे २०३० पर्यंतचे लक्ष्य जाहीर केले.

भारतात १९४९ च्या कायद्याने सनदी लेखापालांची संस्था स्थापन झाली. जी. पी. कपाडिया तिचे पहिले अध्यक्ष. उमेदवारी कायम राहिली, परंतु काळाच्या ओघात पैशाची दिशा उलटली: प्रीमियम गेला, आणि पेढीने उमेदवारास विद्यावेतन देणे नियमाने बंधनकारक झाले. २०२३ पासून उमेदवारीची मुदत दोन वर्षांवर आली आहे. मोठ्या पेढीच्या मुलाखतीस जाणाऱ्या तरुणाला तेथे जमाखर्चाच्या नोंदी, लेखामानके, वस्तू व सेवा कर यांवर प्रश्न येतात. घसारा दहा रुपयांनी वाढला तर नफा, रोकड आणि ताळेबंद यांचे काय होईल, असा साधा दिसणारा प्रश्नही येतो, आणि पाठांतराची परीक्षा त्यातच होते. आणखी एक बारकावा. जागतिक नावाच्या जाळ्यातील लेखापरीक्षण येथे पुष्कळदा जुन्या भारतीय नावानेच चालते. १९१४ साली कलकत्त्यात निघालेली एस. आर. बाटलीबॉय ही पेढी आज अर्न्स्ट अँड यंगच्या जाळ्यात आहे. म्हणून पेढीची जाहिरात वाचण्याआधी एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडावा, लेखापरीक्षकाच्या अहवालाखाली कोणाची सही आहे आणि त्याने कशाबद्दल खात्री दिली आहे, ते पाहावे. हे अहवाल कोणालाही विनामूल्य वाचावयास मिळतात.