प्रायमरी: उमेदवार ठरवण्याचा हक्क मतदाराकडे कसा आला

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी प्रत्येक पक्षाचे मतदार राज्याराज्यांत मतदान करून आपल्या पक्षाचा उमेदवार ठरवतात. या मतदानाला प्रायमरी म्हणतात. भारतात तिकीट कोणाला द्यायचे हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. अमेरिकेतही शंभराहून अधिक वर्षे तसेच चालले. १७८७ मध्ये लिहिल्या गेलेल्या राज्यघटनेत पक्षांचाच उल्लेख नाही, तिथे उमेदवारीचे नियम कुठून असणार? सुरुवातीला काँग्रेसमधले, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतले, पक्षाचे सदस्य बैठक घेऊन नाव ठरवत. १८२४ मध्ये या बैठकीला जेमतेम ६६ सदस्य आले. त्यांनी विल्यम क्रॉफर्ड यांना पुढे केले, ते हरले आणि ती पद्धतही संपली. १८३१ मध्ये अँटी-मेसॉनिक पक्षाने बाल्टिमोरला राष्ट्रीय अधिवेशन भरवून उमेदवार निवडला. मोठ्या पक्षांनी लगेच तो मार्ग धरला.

अधिवेशनात देशभरातून प्रतिनिधी येत, म्हणून ही पद्धत आधीपेक्षा खुली वाटे. पण ते प्रतिनिधी निवडत स्थानिक पुढारी, आणि सभागृहात मतांचे गठ्ठे फिरत तेही त्यांच्याच इशाऱ्यावर. एकमत होईना तर मतदानाच्या फेऱ्यांमागून फेऱ्या होत. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाला जॉन डेव्हिस यांच्या नावावर यायला १०३ फेऱ्या लागल्या. सामान्य मतदाराने त्या नावाचा विचारही केलेला नसे.

या मक्तेदारीवर पहिला घाव विसाव्या शतकाच्या आरंभी सुधारणावाद्यांनी घातला. विस्कॉन्सिनचे रॉबर्ट ला फॉलेट त्यांत आघाडीवर होते. त्यांच्या राज्याने १९०५ मध्ये अधिवेशनाचे प्रतिनिधी थेट मतदारांकडून निवडण्याचा कायदा केला. १९१० मध्ये ऑरेगनने पुढचे पाऊल टाकले: राष्ट्राध्यक्षपदासाठी आपली पसंती मतपत्रिकेवर नोंदवण्याचा हक्क मतदाराला दिला.

१९१२ मध्ये या नव्या हक्काची कसोटी लागली. रिपब्लिकन पक्षात विद्यमान अध्यक्ष विल्यम टाफ्ट यांना माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीच आव्हान दिले. डझनभर राज्यांत प्रायमरी झाल्या. रूझवेल्ट यांनी त्यांतल्या नऊ जिंकल्या. टाफ्ट यांचे स्वतःचे राज्य ओहायोही रूझवेल्ट यांच्याकडे गेले. मतदारांचा कौल याहून स्पष्ट असू शकत नव्हता. परंतु बहुतेक राज्यांचे प्रतिनिधी जुन्याच रीतीने निवडले जात होते, आणि पक्षयंत्रणा टाफ्ट यांच्या हाती होती. वादग्रस्त ठरलेल्या २५४ प्रतिनिधींपैकी राष्ट्रीय समितीने २३५ टाफ्ट यांच्या पारड्यात टाकले. शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी त्यांनाच मिळाली. रूझवेल्ट यांनी वेगळा पक्ष काढला, रिपब्लिकन मते फुटली आणि डेमोक्रॅट वुड्रो विल्सन निवडून आले. अध्यक्ष असलेले टाफ्ट तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. त्यांना फक्त दोन राज्ये मिळाली. मतदाराने कौल द्यावा आणि पक्षाने तो डावलावा, याची किंमत पक्षाने त्या वर्षी मोजली. तरीही धडा टिकला नाही. पहिल्या महायुद्धानंतर काही राज्यांनी प्रायमरीचे कायदेच रद्द केले.

दक्षिणेतल्या राज्यांत तर प्रायमरी हेच वगळणुकीचे हत्यार झाले. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचे इतके वर्चस्व होते की त्या पक्षाची प्रायमरी जिंकणारा निवडून येणार हे ठरलेलेच असे. खरी निवड तिथेच होत होती, आणि नेमके तिथेच कृष्णवर्णीयांना दार बंद होते. टेक्सासने १९२३ मध्ये तसा कायदाच केला. न्यायालयाने तो रद्द केल्यावर पक्ष ही खाजगी संस्था आहे अशी पळवाट काढण्यात आली. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांच्या खटल्यात १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पळवाटही बुजवली. मतदान-कराची अडचण मात्र उरली होती. १९६४ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने राष्ट्रीय पदांच्या निवडणुकांत, प्रायमरीसकट, तो कर लावण्यास बंदी घातली. उमेदवार निवडण्याच्या हक्काचा इतिहास सांगताना हा भाग बहुधा तळटीपेत जातो. त्याची जागा मुख्य मजकुरात आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रायमरी म्हणजे पुढाऱ्यांना ताकद दाखवण्याचे मैदान ठरले. १९५२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात एस्टेस केफॉव्हर यांनी पंधरांपैकी बारा प्रायमरी जिंकल्या, न्यू हॅम्पशायरमध्ये अध्यक्ष ट्रुमन यांना हरवले, तरी अधिवेशनाने उमेदवारी दिली ती ॲडलाय स्टीव्हन्सन यांना. जॉन केनेडी यांनी १९६० मध्ये हे मैदान अधिक नेमकेपणाने वापरले. ते कॅथलिक होते, आणि कॅथलिक उमेदवार देशभर चालेल का ही पुढाऱ्यांची शंका होती. वेस्ट व्हर्जिनियात कॅथलिक मतदार अगदी थोडे. तिथे केनेडींनी ह्यूबर्ट हम्फ्री यांच्यावर मोठा विजय मिळवला आणि शंका मिटली. त्या राज्यातल्या मतदाराने केवळ आवडता माणूस निवडला नाही. हा माणूस बाकीच्या देशाला चालेल, अशी ग्वाही त्याने दिली.

१९६८ ने जुनी व्यवस्था मोडली. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध उभे राहिलेले यूजीन मॅकार्थी न्यू हॅम्पशायरमध्ये अध्यक्ष जॉन्सन यांच्या इतक्या जवळ पोहोचले की महिना संपण्याआधी जॉन्सन यांनी माघार जाहीर केली. रॉबर्ट केनेडी कॅलिफोर्नियाची प्रायमरी जिंकले आणि त्याच रात्री त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनाने हम्फ्री यांना उमेदवारी दिली. त्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. सभागृहाबाहेर निदर्शक आणि पोलीस यांच्यातला संघर्ष देशाने टीव्हीवर पाहिला. युद्धविरोधी मतदारांना आपले मत वाया गेल्याचे दिसत होते, आणि त्यांचा संताप रास्त होता.

त्यानंतर डेमोक्रॅटिक पक्षाने जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. प्रतिनिधींची निवड खुली, वेळेवर आणि जाहीर नियमांनी व्हावी, स्त्रिया, तरुण व अल्पसंख्याक यांना त्यांत वाटा मिळावा, असे नियम त्याने घातले. ते पाळण्याचा सोपा मार्ग म्हणून राज्यांनी प्रायमरी स्वीकारली. १९७६ पर्यंत निम्म्याहून अधिक राज्यांत ती आली. कायदे राज्यांच्या विधिमंडळांचे असल्याने रिपब्लिकन पक्षालाही हाच रस्ता धरावा लागला.

मतदाराचे काम मात्र याने सोपे झाले नाही. मुख्य निवडणुकीत पक्षाचे नाव पाहून निर्णय घेता येतो. प्रायमरीत सगळे एकाच पक्षाचे, धोरणेही मिळतीजुळती, आणि उमेदवार कधी दहा-बारा. मते इतकी विभागली जातात की थोड्या मतांवरही विजय मिळतो. काँग्रेसच्या जागांसाठीही हीच रीत आहे: बेळगावात वाढलेले मराठी भाषक श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधली डेमोक्रॅटिक प्रायमरी तीस टक्क्यांहून कमी मतांवर जिंकले आणि पुढे प्रतिनिधिगृहात गेले. राष्ट्राध्यक्षपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत १५ टक्क्यांच्या खाली राहणाऱ्याला प्रतिनिधी मिळत नाहीत, त्यामुळे मागे पडलेल्या उमेदवाराच्या समर्थकाला दुसरी पसंतीही मनाशी ठरवावी लागते. आयोवातल्या कॉकसमध्ये, म्हणजे प्रायमरीऐवजी होणाऱ्या पक्षाच्या सभांत, २०२० पर्यंत हे उघड्यावर घडे: कमी पडलेल्या गटातले लोक उठून दुसऱ्या गटात जाऊन उभे राहत.

यात राज्यांच्या मतदानाच्या क्रमाला फार महत्त्व आले. १९७६ मध्ये जिमी कार्टर आयोवात ‘कोणालाच पाठिंबा नाही’ म्हणणाऱ्यांच्याही मागे होते, पण इतर उमेदवारांच्या पुढे होते. तेवढ्यावर ते देशाला माहीत झाले. आयोवा २००८ मध्ये बराक ओबामांनी जिंकले आणि गोरे मतदार त्यांना मत देतात हे दिसल्यावर साउथ कॅरोलायनातले कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येने हिलरी क्लिंटन यांच्याकडून त्यांच्याकडे वळले. २०२० मध्ये उलटे झाले. जो बायडेन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले होते; साउथ कॅरोलायनाने त्यांना तारले, दोन प्रतिस्पर्धी माघार घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि तीन दिवसांनी, अनेक राज्ये एकाच दिवशी मतदान करतात त्या सुपर ट्यूसडेला, चौदांपैकी दहा राज्ये त्यांनी घेतली. उशिरा मतदान करणाऱ्या राज्यांतल्या मतदारासमोर अनेकदा निवडायला कोणी उरलेलेच नसते. या पद्धतीतला हा सर्वांत मोठा अन्याय आहे, आणि अर्ध्या शतकात तो दूर झालेला नाही.

पुढाऱ्यांचा हातही पूर्ण सुटला नाही. १९८० च्या दशकात डेमोक्रॅटिक पक्षाने प्रायमरीत निवडून न आलेल्या प्रतिनिधींची, ‘सुपरडेलिगेट’ची, सोय केली. २०१६ मध्ये त्यांच्यावरून झालेल्या वादानंतर, २०१८ मध्ये, चुरस असल्यास पहिल्या फेरीत मत देण्याचा त्यांचा अधिकार काढून घेतला. जुलै २०२४ मध्ये, प्रायमरी जिंकून झाल्यावर, बायडेन यांनी माघार घेतली. त्यांचे प्रतिनिधी मोकळे झाले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी ऑनलाइन मतदानाने कमला हॅरिस यांना उमेदवारी दिली. हम्फ्री यांच्यानंतर, प्रायमरी न लढवता मोठ्या पक्षाची उमेदवारी मिळवणाऱ्या त्या पहिल्याच.