जुनेराचा जमाखर्च

घटस्थापनेपूर्वीच्या दिवसांत देशावरील एखाद्या नदीकाठच्या गावी ज्याने सकाळ घालविली असेल, त्याने काठच्या खडकांवर आणि वाळवंटात वाळत पडलेल्या गोधड्यांचा रंगीबेरंगी विस्तार अवश्य पाहिला असेल. घर सारवून निघावे, भांडी उजळावीत आणि वर्षभराचे अंथरूण-पांघरूण नदीवर न्यावे, ही आपल्याकडची जुनी वहिवाट. आणि त्या गोधड्या, ज्यांना अनेक गावांत वाकळ म्हणतात, जवळून निरखाव्यात तर एकेका घराचे दप्तरच उघडावे तसे आजीच्या इरकलीचे काठ, लेकीच्या परकराचा तुकडा आणि नातवाच्या सदऱ्याची बाही शेजारी शेजारी दृष्टीस पडतात.

ज्या काळी सूत हाताने निघे आणि कापड हातमागावर विणले जाई, त्या काळी नऊवारी लुगडे ही सामान्य कुटुंबाची लहानशी मिळकतच होती; म्हणून त्याच्या उपभोगाचा क्रम स्त्रियांनी एखाद्या धाऱ्यासारखा निश्चित करून ठेवला होता. वापरून मऊ झालेले लुगडे ‘जुनेर’ या नावाने नव्या आयुष्यास आरंभ करी. त्याचा सर्वांत मृदू भाग बाळंतिणीच्या खोलीत दुपटी आणि बाळोती होऊन जाई, कारण नवजात अर्भकाच्या अंगाला कोरे कापड खुपते हे शहाणपण प्रत्येक आजीपाशी होते. उरलेला भाग गोधडीत जाई. गोधडीस निरुपयोगी ठरलेला तुकडा चुलीवरचे भांडे उतरविण्यासाठी मसोता होई. आणि मसोताही विरला म्हणजे शेणामातीत बुडून जमीन सारविणारे पोतेरे म्हणून त्याची अखेरची चाकरी सुरू होई.

हा क्रम किती पुरातन आहे याची साक्ष विनयपिटकातील चुल्लवग्गात मिळते. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी बुद्धशिष्य आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली, तेव्हा एका भिक्षूला इतकी वस्त्रे कशाला, अशी शंका येऊन राजाने त्याला त्यांचा हिशेब विचारला. आनंदाने तो शांतपणे दिला: नवी वस्त्रे जीर्ण चीवरांच्या भिक्षूंना द्यावयाची, त्यांच्या जुन्या चीवरांची पांघरुणे करावयाची, जुन्या पांघरुणांच्या गाद्यांच्या खोळी, खोळींची जमिनीवरची बिछायत, बिछायतीची पायपुसणी, त्यांची धूळ झटकण्याची फडकी, आणि शेवटी त्या फडक्यांचे तुकडे चिखलात कुटून त्याने जमीन लिंपावयाची. राजा संतुष्ट झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. विहारातील तो लेप आणि आपल्या ओसरीवरचे पोतेरे यांच्यामध्ये दोन सहस्रांहून अधिक वर्षे लोटली, पण हिशेब तोच राहिला.

संस्कृतात ठिगळांच्या अशा वस्त्राला ‘कंथा’ म्हणतात. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात शेकडो चिंध्यांची कंथा भिक्षेकऱ्याच्या अंगावर दिसते, आणि बंगालमध्ये हाच शब्द ‘कांथा’ होऊन गृहिणींच्या सुंदर भरतकामास मिळालेला आहे. जे वस्त्र विरक्ताने संसार सोडल्याची खूण म्हणून अंगावर घेतले, तेच गृहिणीने संसार टिकावा म्हणून शिवले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. कारण वस्तूचा अपमान न करणे हा धर्म त्या दोघांचाही होता.

सुगी संपून उन्हाळ्याच्या दुपारी लांबल्या म्हणजे गोधडीचा घाट घातला जाई. खाली धड लुगड्याचे अस्तर पसरावे, त्यावर विटक्या कापडाचे थर बसवावेत, वरच्या अंगास त्यातल्या त्यात उजळ तुकडे जोडावेत, आणि मग दोघी-तिघींनी चहूबाजूंना बसून कडेपासून आत आत धावदोरा घालीत जावे, अशी ती रीत. एकेक टाका नखाएवढा. आणि असे हजारो टाके पडल्यावाचून ते थर एकजीव होत नसत. या बैठकीत सासुरवाशिणीला मन मोकळे करण्यास अवसर मिळे आणि पोरीबाळींच्या हाताला वळण लागे.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापसाच्या गिरणीची कंपनी स्थापन केली, आणि पुढे गिरण्या वाढत गेल्या तसे स्वस्त कापड खेडोपाडी पोहोचले. त्यामुळे गोधडी मागे पडली असे मात्र झाले नाही. उलट चिटाच्या आणि शिंप्याकडच्या कातरणाच्या आगमनाने तिचे रंग वाढले. पुढे महायुद्धात, १९४३ साली, कापडावर सरकारी नियंत्रण बसले, तेव्हा हे जुने धारे पाळणाऱ्या गृहिणींच्या गाठीशी निदान जुनेराचा संचय होता.

त्याच काळात, अंगावर चिंध्यांची गोधडी आणि हाती गाडगे घेऊन गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावोगाव फिरत होते. ऋण काढून सण करू नका, घर आणि गाव स्वच्छ ठेवा, असे ते प्रपंचातल्या माणसांना कळवळून सांगत. भिक्षूची कंथा आणि गृहिणीची वाकळ त्यांच्या अंगावर एक झाली होती.

वाकळ जीर्ण झाली तरी टाकून देत नाहीत. तिच्यावरच नवे जुनेर चढवून पुन्हा धावदोरा घालतात, आणि त्यामुळे आजच्या वाकळीच्या पोटात आईचे लुगडे, आणि त्याच्याही आत आजीचे असते. नदीवर भिजलेली अशी वाकळ एकटीला पिळवत नाही. दोघींनी दोन टोके धरून पीळ द्यावा लागतो, आणि तेव्हा त्या साऱ्या पिढ्यांचा भार त्यांच्या हातांना जाणवतो.